खांदेपालट

समता म्हणजे काय, या प्रश्नाचा ऊहापोह आपल्याकडे बहुधा राज्यघटना, जातिसंस्था, संपत्तीची वाटणी अशा मोठ्या विषयांच्या अनुषंगाने होतो, आणि ते योग्यच आहे. तथापि काही प्रश्न लहान वस्तूच्या आरशात अधिक स्वच्छ दिसतात. आज आम्ही विचारासाठी घेतलेली वस्तू पाहून कित्येक वाचक हसतील. ती म्हणजे जुन्या जीपगाडीचे टायर. चार चाकांच्या जागा ठरावीक अंतराने का बदलाव्यात, आणि त्यांत हवा किती भरावी, हे प्रश्न गॅरेजातले आहेत हे आम्हांस मान्य आहे. परंतु पहिल्यात न्यायाचा आणि दुसऱ्यात तारतम्याचा प्रश्न दडलेला आहे, आणि देवळाच्या आश्रयाने जगणाऱ्या समाजाला हे दोन्ही प्रश्न परके नाहीत.

जागा बदलण्याच्या या क्रियेला मराठीत एक शब्द आयता आहे: खांदेपालट. वृत्तपत्रांनी तो अलीकडे मंत्रिमंडळाच्या दारात नेऊन बांधला आहे. वस्तुतः तो पालखी वाहणाऱ्यांचा. ज्याच्या वाट्याला वाटेची खडबडीत कड येते त्याचे पाय अधिक शिणतात, एकच खांदा फार वेळ दांड्याखाली राहिला की तो सुजतो. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर माणसे जागा बदलतात. यात कोणी कोणावर उपकार करीत नाही. भार एकच असला तरी जागा सारख्या नसतात, एवढे ज्ञान त्यामागे आहे.

जीपचेही तसेच. विलिस बनावटीच्या जीपगाड्यांची जुळणी आपल्याकडे महिंद्रांनी १९४७ साली सुरू केली, आणि त्या घराण्यातल्या कितीतरी जुन्या गाड्या आजही डोंगरपायथ्याच्या गावांतून चालताना दिसतात. अशा गाडीत नेहमीच्या रस्त्यावर केवळ मागच्या दोन चाकांना इंजिनाचा जोर मिळतो. म्हणजे ढकलण्याचे काम मागच्यांचे, आणि वळण्याचे पुढच्यांचे. वळताना पुढच्या टायरांच्या कडा घासल्या जातात. शिवाय आपण डावीकडून गाडी हाकतो. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेकडे उतरता केलेला असतो, आणि खड्डे व तुटलेल्या डांबराच्या धारा बहुतेक त्या कडेलाच असतात. त्यांचा प्रसाद डाव्या चाकांना अधिक. एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच मोलाने आणलेले चार टायर दहा हजार किलोमीटरांनंतर चार वेगवेगळ्या वयांचे दिसतात. त्यांच्या गुणात फरक नव्हता. फरक जागेचा होता.

म्हणून आठ-दहा हजार किलोमीटरांनी जागा बदलाव्यात असा प्रघात आहे. जीपसारख्या गाडीत मागची दोन्ही चाके आपापल्या बाजूने सरळ पुढे येतात, आणि पुढची दोन तिरपी मागे जातात, म्हणजे उजवे डावीकडे आणि डावे उजवीकडे. पाचवे, म्हणजे स्टेपनीचे चाकही पाळीत घ्यावयाचे असल्यास ते मागे उजवीकडे बसवावे आणि पुढचे डावे उतरवून स्टेपनीच्या जागी ठेवावे. ज्या टायरच्या अंगावर फिरण्याची दिशा दाखविणारा बाण असेल त्याची बाजू मात्र बदलू नये. जुने मेस्त्री रेडियल टायर तिरपे नेऊ देत नसत. त्या काळच्या टायरांसंबंधी सूचनाच तशी होती. बाण नसलेल्या आजच्या रेडियलना तो निर्बंध राहिलेला नाही.

येथवर हा काटकसरीचा विषय वाटेल. पण जुन्या जीपमध्ये त्याहून खोल असे एक कारण आहे. चिखलात किंवा चढावर चालक दुसरा दांडा ओढतो आणि पुढच्या चाकांनाही जोर देतो. या क्षणी पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी अक्षरशः बांधले जातात. दोघांच्या फेऱ्यांत तफावत झाली तर ती सामावून घेणारी कोणतीही योजना त्यांच्यामध्ये नसते. आता ढोबळ हिशेब पाहा. नव्या टायरचा व्यास ७२ सेंटिमीटर धरला तर त्याचा घेर सुमारे २२६ सेंटिमीटर भरतो. नक्षी ८ मिलिमीटर झिजली की व्यास १६ मिलिमीटरांनी कमी होतो आणि घेर २२१ वर येतो. एका किलोमीटरला पहिले चाक ४४२ फेरे घेईल, तर दुसऱ्याला ४५२ घ्यावे लागतील. दहा फेऱ्यांचा हा फरक जाणार कोठे? चिखल असेल तर चाक थोडे घसरून तो फेडते. कोरड्या डांबरावर त्याला वाट नसते. तो ताण दातेरी चक्रांत साठतो, दांडा परत ढकलता ढकलत नाही, आणि शेवटी कोठेतरी पोलाद हार खाते. (वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांहून अधिक अंतर कापावे लागते, त्यामुळे टायर अगदी सारखे असले तरीही कोरड्या रस्त्यावर हा दांडा ओढू नये, हे ओघाने आलेच.)

तेव्हा एका दांड्याला बांधलेल्यांमध्ये बरोबरी असणे ही दया नव्हे, एकत्र काम करण्याची ती अट आहे. पालखीला उंच माणसासमोर ठेंगणा जोडीदार देत नाहीत. दिला तर ठेंगण्याच्या खांद्यावरून दांडा निसटतो आणि उंचाची पाठ वाकते. अपमान एकाचा आणि इजा दोघांची. एकटा चालणारा कितीही झिजला तरी तो त्याचा प्रश्न असतो. बांधलेल्याची झीज सर्वांची असते.

परंतु याच ठिकाणी आम्हांस थांबून एक शंका उपस्थित करावीशी वाटते, कारण खांदेपालटाची स्तुती करणारे बहुतेक जण तिच्याकडे कानाडोळा करतात.

समजा, पुढच्या डाव्या टायरची केवळ आतली कड खाल्ली जात आहे. याचे कारण जागा नव्हे. किंगपिन सैल झाली असेल, चाकांचा रोख बिघडला असेल, बेअरिंग खेळत असेल. थोडक्यात, गाडीत व्यंग आहे. मालक काय करतो? पाळी आलीच आहे म्हणून तो टायर मागे टाकतो. मागे गेल्यावर त्याची झीज थांबते आणि मालकाला समाधान वाटते. त्याच्या जागी आलेला निरोगी टायर आता आतल्या कडेने कुरतडला जाऊ लागतो. पुढच्या पाळीला तोही मागे जातो. दोन-तीन वर्षांत चारही टायरांची एकेक कड खाल्लेली असते, आणि चौघे अगदी सारखे दिसतात. समता साधली! मात्र ती दुखण्याची समता आहे, आणि व्यंग जेथल्या तेथे सुखरूप आहे. जागा बदलण्याने अन्याय वाटला गेला, दूर झाला नाही. उलट वाटला गेल्यामुळे तो दिसेनासा झाला.

आमच्या देवळांतून पाळी ही संस्था पुरातन आहे. पूजेची पाळी, उत्सवाची पाळी, दिवाबत्तीची पाळी. एखाद्या देवस्थानाच्या मुदपाकखान्याला धुराडे नाही अशी कल्पना करा. महाप्रसादाच्या दिवशी आचाऱ्यांचे डोळे सुजतात. तक्रार आली की कार्यकारी मंडळी काय ठरविते? एकाच घरावर हा भार नको, आळीपाळीने सर्वांनी चुलीपाशी उभे राहावे. निर्णय न्याय्य वाटतो, टाळ्याही पडतात. वर्षभरात सर्वांचेच डोळे चुरचुरतात आणि धुराड्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर येत नाही, कारण आता कोणीच एकटा तक्रार करणारा उरलेला नसतो.

याच्या उलट दुसरेही एक सत्य आहे आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्याच देवळांच्या परिसरात काही कामे पाळीत कधी आलीच नाहीत. झाडलोटीची, ओझी वाहण्याची, मशाल धरून रात्रभर उभे राहण्याची कामे विवक्षित घरांकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, आणि गाभाऱ्याजवळची कामे दुसऱ्या विवक्षित घरांकडे. त्याला आम्ही परंपरेचे नाव दिले. जो टायर कधीच मागे गेला नाही त्याची झीज ही त्याची प्रकृती आहे, असे म्हणण्यासारखेच ते होते. मान मिळाला, वतन मिळाले, हे खरे. पण मान मिळाला म्हणून खांदा सुजावयाचा थांबत नाही.

मग दोहोंत वाईट कोणते? जागा कधीच न बदलणे, की व्यंग तसेच ठेवून जागा बदलत राहणे? आमचा कौल असा की, पहिले अधिक वाईट. ज्याने एकदा धुरात उभे राहून पाहिले आहे तो विश्वस्त धुराड्याचा ठराव मांडण्याची निदान शक्यता असते. ज्याने ती चूल दुरूनच पाहिली त्याच्याकडून तेवढीही नसते. खांदेपालट हा उपाय नसेल, पण ते निदान करण्याचे साधन होऊ शकते. मात्र अट एक: जागा बदलताना टायर वाचला पाहिजे.

वाचण्याची ही विद्या फार अवघड नाही. चांगला मेस्त्री चाक उतरविण्यापूर्वी त्यावर खडूने खूण करतो, पुढचे डावे, मागचे उजवे, अशी. नाहीतर चारही चाके अंगणात पडली की कोणाचे दुखणे कोणते हे कळत नाही. मग तो हात फिरवितो. मधोमध झीज असेल तर हवा फार झाली. दोन्ही कडा झिजून मध्य उभा असेल तर हवा कमी पडली. एकच कड गेली असेल तर चाकाचा रोख चुकला आहे. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉक अॅब्सॉर्बर किंवा सांधे सैल आहेत. चाक उतरल्यामुळे एरवी न दिसणारी त्याची आतली बाजू दिसते. तिथली चीर, अडकलेला खडा, ब्रेकच्या नळीतून पाझरणारे तेल दृष्टीस पडते. आमच्या मते टायर फिरविण्याचा अर्धा लाभ या पाहण्यात आहे. जो केवळ वेळापत्रक पाळण्यासाठी चाके फिरवितो त्याने पान्याला व्यायाम दिला, एवढेच.

गरीब मालकाची एक अडचण येथे नोंदविली पाहिजे. तो म्हणतो, 'चारही टायर सारखे झिजविले तर चारही एकदम घ्यावे लागतील. तेवढे पैसे एका वेळी आणू कोठून? नाही फिरविले तर दोन आज घेईन, दोन पुढल्या वर्षी.' या बोलण्याला उत्तर नाही असे नव्हे, पण ते हसण्यावारी नेण्यासारखेही नाही. सर्व कर्ती माणसे एकदमच थकली असा संसार आणि अशा संस्थाही आम्ही पाहिल्या आहेत. तेथे समता होती, वारस नव्हता. ज्या गाडीला चिखलात चारही चाकांचा जोर लागत नाही तिच्या मालकाने दोन-दोन टायर घेतले तर त्यात पाप नाही. मात्र नवी जोडी मागे लावावी. पुढची चाके घसरू लागली तर निदान चालकाला ते सुकाणूत जाणवते आणि सावरता येते; मागची घसरली तर गाडीच फिरते, आणि मागल्या बाकांवर बसलेल्यांना चालकाचे कौशल्य उपयोगी पडत नाही. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायरच्या खाचांतील आडव्या पट्ट्या तिच्या बरोबरीला येतात. तेथून पुढे काटकसर हा शब्द वापरू नये.

आता हवेकडे वळू. रबरी नळीत हवा कोंडून तिच्यावर चाक चालवावे ही कल्पना १८४५ साली टॉमसन यांनी पेटंटात मांडली होती, पण ती लोकांच्या उपयोगास आली १८८८ नंतर, बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तसे चाक करून पाहिले तेव्हा. तेव्हापासून भार रबर उचलते असा सर्वांचा समज आहे. वास्तविक तो उचलते मुख्यतः हवा. एका चाकावर ४०० किलोचा भार आहे आणि टायरात ३० पौंड हवा आहे असे धरू. ३० पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो, तेव्हा तो भार पेलण्यासाठी टायरला जमिनीवर सुमारे १९० चौरस सेंटिमीटर जागा टेकावी लागते. हवा १५ पौंडांवर आणली की तीच जागा ३८० होते. रबराच्या ताठपणामुळे हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण तत्त्व हेच. भार तोच, टेकण्याची जागा दुप्पट, आणि म्हणून जमिनीवरचा दाब निम्मा.

नदीच्या वाळूत रुतलेली गाडी हवा कमी केल्याबरोबर चालू लागते याचे रहस्य एवढेच. जेथे जमीन दुबळी आहे तेथे आपला ताठा उतरविणारा पुढे जातो. ताठ राहणारा आपल्याच पायाखाली खड्डा खणतो. कुळ्याहून दूधसागराकडे जाणाऱ्या जीपगाड्या भगवान महावीर अभयारण्यातून ओहोळ ओलांडीत जातात. तशा दगडगोट्यांच्या वाटेवर थोडी मऊ हवा टायरला दगड कवळू देते, हादरे कमी करते आणि ओल्या मातीत चरही कमी पाडते. (गोव्याच्या समुद्रकिनाऱ्यांवर वाहने नेण्यास मनाई आहे आणि ती आम्हांस उचित वाटते, वाळूचे प्रयोग तेथे करू नयेत.)

पण मऊपणालाही किंमत आहे. हवा कमी झाली की टायरचे गाल बाहेर फुगतात आणि धारदार दगड नेमका त्या पातळ गालावर लागतो. फारच उतरविली तर वळणावर टायर रिममधून सुटतो. आणि तीच मऊ हवा घेऊन डांबरी रस्त्याला लागून वेग धरला तर गाल क्षणोक्षणी दुमडत राहतात, आत उष्णता साठते, आणि टायर फुटतो. वाळूत ज्याने गाडी तारली तोच गुण डांबरावर जीव घेतो. म्हणून हवा सोडणाऱ्याने पंप बरोबर घेतलाच पाहिजे. पंपावाचून हवा सोडणे म्हणजे परत येण्याचा विचार न करता सवलत देणे होय.

मग योग्य हवा कोणती? या प्रश्नाला एक आकडा हवा असणारे पुष्कळ असतात. गाडीवरच्या पाटीचा आकडा हा आरंभ. तो ज्या मापाच्या टायरसाठी आणि ज्या भारासाठी दिला, ते दोन्ही तुमच्यापाशी आहेत का हे पाहावे लागते. जुन्या गाडीचे टायर आणि रिम मधल्या काळात कितीदा बदललेले असतात! मागे आठ माणसे आणि उत्सवाची भांडी भरली असतील तर मागच्या चाकांना पुढच्यांहून अधिक हवा लागते. चौघांना सारखी हवा भरून 'मी भेदभाव करीत नाही' असे म्हणणारा चालक समदृष्टी नव्हे. त्याने भार कोठे आहे हे पाहिलेलेच नाही. मघाशी झीज सारखी हवी असे म्हणणारे आम्ही आता हवा सारखी नको असे म्हणत आहोत, यात विसंगती नाही. भाराप्रमाणे आधार भिन्न दिला तरच झीज समान होते.

शिवाय मोजण्याची वेळ. आरतीला घुमट घेण्यापूर्वी वाजविणारा त्याचे चामडे चाचपून पाहतो. पावसाळ्यात ते सैल पडते, तापविले की चढते. हवेचेही असेच आहे. तापमान पाच-सहा अंशांनी चढले की दाब सुमारे एका पौंडाने वाढतो, आणि मे महिन्याच्या दुपारी तासभर धावलेल्या टायरात चार-पाच पौंड सहज अधिक दिसतात. ते पाहून घाबरून हवा सोडणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी पहाटे अर्धपोटी टायर घेऊन निघतो. मोजावे ते थंड असताना, सकाळी, गाडी हलण्यापूर्वी.

स्टेपनीविषयी दोन शब्द राहिले. हे नाव वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आले. तेथे डेव्हिस बंधूंनी १९०४ साली जादा चाकाचा धंदा आरंभिला. इंग्रजांच्या स्वतःच्या बोलण्यातून तो शब्द जवळजवळ गेला, आपल्याकडे मात्र टिकला, जसा आमच्या कोकणीत चाकाला पोर्तुगीजांचा 'रोद' टिकला आहे. हे पाचवे चाक मागे टांगलेले, मळ न लागलेले, नक्षी शाबूत असलेले. पाहणाऱ्याला तेच सर्वांत विश्वासाचे वाटते. परंतु रबर केवळ चालण्याने झिजत नाही, ते ऊन, हवा आणि काळ यांनीही मरते. टायरच्या गालावर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१४ असे असेल तर तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. त्याची नक्षी नवी असली तरी गालावर बारीक भेगा पडल्या असतील, आणि त्यातली हवा कोणी मोजलेली नसेल, कारण उभ्या असलेल्याची विचारपूस कोणी करीत नाही. ज्या रात्री घाटात एखादे चाक बसते त्याच रात्री हे कळते. त्याला पाळीत घेतले असते तर ते इतरांबरोबर झिजले असते, इतरांबरोबर तपासले गेले असते, आणि त्या रात्री चढविल्यावर गाडीत बसलेली आठ माणसे त्याच्या भरवशावर घाट उतरली असती.